पोथीतली सीताबाई

रिसोडच्या बाजारात त्या दिवशी भाजीकडे कोणी पाहत नव्हतं. वांगी उन्हात पडून होती, मेथीनं माना टाकल्या होत्या, आणि गिऱ्हाईक काय, माळणी काय, सगळे मारुतीच्या पाराभोवती जमले होते. पारावर पोथीवाले महाराज बसले होते. पुढ्यात चौरंग, चौरंगावर लाल कापडात बांधलेली पोथी. कागद जुन्या तुपासारखा पिवळा, आणि पानोपानी काळी ठळक चित्रं.

"पेशवाई बुडाली न बुडाली, तवाची छापाई हाये ही," महाराज सांगत होते. "तुमच्या आज्याचं बारसं नव्हतं झालं. तरी बी तुमचं चित्र याच्यात हाये. झूठ बोलत असन तर पाटलाले विचारा."

पंजाबराव पाटलांनी पहिल्या पानावरचा शक वाचून पाहिला होता. पोथी खरंच तितकी जुनी होती. महाराजांनी एवढी एकच गोष्ट खरी सांगितली होती, आणि तिच्याच जोरावर बाकीचा माल खपत होता.

महाराज पोथी शिवणीच्या कण्यावर उभी धरायचे, डोळे मिटायचे, हात सोडायचे. पोथी आपोआप उघडायची. मग खालची अक्षरं मोरपिसांनी झाकून, फक्त चित्र, तेही ज्याचं त्याला दाखवायचं. दुसऱ्या कोणी डोकावायचं नाही. हे लोकांना सांगावं लागलंच नाही. वऱ्हाडात भाट वंशावळीची वही घेऊन येतो, तेव्हा ज्याच्या कुळाचं पान निघतं तोच पाहतो, बाकीचे मान फिरवतात. परक्याचं पान पाहणं म्हणजे परक्याच्या न्हाणीत डोकावणं. महाराजांना ही रीत आयती सापडली. माणूस एकटा पाहायचा, एकटा घाबरायचा आणि तोंड शिवून घरी जायचा.

गोजराबाई माळीण तेवढी पाराकडे गेली नाही. तिला अक्षर यायचं ते मोठं असलं तरच, आणि तेही बोट ठेवून. पण तिच्या जिभेला अख्खा बाजार वचकून होता. "ज्याले आपलं तोंड पाह्यचं, त्यानं हौदात पाहावं," असं म्हणून ती पाल्यावर पाणी शिंपडत बसली. दुपारी टोपली घेऊन घरी आली, तर अंगणात बंडी जुंपलेली. बंडीत तिची सून सीताबाई बसलेली, मांडीवर गाठोडं, हात-गळा उघडा. लेक चंपत बैलाच्या कासऱ्याशी चाळा करत उभा.

"हे कुठं चालली?" गोजराबाईनं विचारलं.

"केनवडले. माहेरी."

"कोन मेलं तिथं?"

"कोनी नाई, माय." चंपतनं मान वर केली नाही. "महाराजाच्या पोथीत तिचं चित्र निघालं. कपायावरची खोक बी तशीच. विहीर आटली, मिरची कोकडली, ते हिच्याच पायानं. अमावस्येआधी काढून दे म्हन्ले."

"आन् अंगावरचं?"

"पोथीले वाह्यलं."

सीताबाईच्या कपाळावर केसांपासून भुवईपर्यंत जुनी खोक होती. लहानपणी विहिरीच्या दगडावर घागरीसकट पडली होती ती. गोजराबाईनं सुनेकडे पाहिलं. सून रडत नव्हती.

"बैल सोड," गोजराबाई म्हणाली. "मी येईलोक बंडी हालली, तर तुह्यं माह्यं बोलनं बंद."

ती तडक पारावर गेली, म्हणाली, मी चंपतची माय, आमचं पान दाखवा. महाराजांनी दाखवलं. कमरेवर घागर घेतलेली, केस मोकळे सुटलेली बाई. कपाळावर केसांपासून भुवईपर्यंत पांढरी रेघ. खोक तीच होती, आणि पुस्तक तर सुनेच्या आजीपेक्षा म्हातारं.

ती परतली आणि भागचंद शेठच्या दुकानाच्या ओट्यावर टेकली. शेठची बायको पानाबाई पाणी घेऊन आली. तिचाही चेहरा उतरलेला होता. तो चेहरा पाहून गोजराबाईनं जन्मात केला नव्हता असा प्रश्न केला.

"पानाबाई, तुह्या पानावर काय होतं?"

पानाबाईनं तोंडावर पदर घेतला. "असं विचारतात काय, गोजराबाई?"

"नाई विचारत. मी विचारून राह्यली."

"माझी मेलेली जाऊ होती," पानाबाई कुजबुजली. "घागर घेऊन. कपाळ फुटलेलं. आडात पडून गेली ना ती. तिची वासना राहिली म्हणाले. म्हणून बांगड्या दिल्या मी."

गोजराबाईनं पाणी एका घोटात संपवलं. मग रस्त्यावरून चाललेल्या तुळसाबाईला हाक मारली. बांधावरून दोघींचं बोलणं बंद होतं, तरी मारली. तुळसाबाईच्या पानावर तिची होणारी सून निघाली होती. घागरवाली. कपाळावरची रेघ म्हणजे तिची फुटकी नशीबरेषा, असं महाराजांनी सांगितलं होतं, आणि तुळसाबाई ठरलेली सोयरीक मोडायला निघाली होती.

"मोडजो मंग," गोजराबाई म्हणाली. "आंधी माह्यासंग चाल."

तिघी पारावर चढल्या, मागे भागचंद शेठ.

"महाराज, आमचे तिघींचे पानं एकासंग दाखवा."

पाटील पुढे आले. "गोजराबाई, परक्या कुळाचं पान पाहू नाई. रीत हाये."

"भाटाच्या वहीले मी हात लावत नाई, पाटील. पन हे भाटाची वही हाये काय? छापखान्यातली हाये. साल तुमीच वाचलं."

"जो देखेगा वो अंधा होगा," महाराज गरजले.

"होऊ द्या मले आंधयी. तुमाले काय, तुमी त रोज पाह्यता." आणि तिनं मोरपिसं उचलून बाजूला ठेवली.

भागचंद शेठनं पान उलटून खालची अक्षरं मोठ्यानं वाचली. एका पानावर घागरवाली होती, खाली छापलं होतं, राणी शोक करते. पुढे तीच घागरवाली, तीच रेघ, कुंभारीण पाण्यास जाते. आणखी पुढे तीच, राक्षसी गावात शिरते.

"राणीबी हेच, राक्षशीनबी हेच," गोजराबाई म्हणाली. "घागर काही खाली ठेवत नाई बिचारी."

मागे कोणीतरी हसलं. महाराज मात्र मुरलेले होते. त्यांनी हात वर केले. "माया! माया एकच, रूपं अनेक. हीच तर लीला हाये, बापा." आणि खरंच, हसणाऱ्यांतले दोघे-चौघे पुन्हा हात जोडू लागले. गोजराबाईला त्यांची शिसारी आली.

"शेठ, मांगं चला. पार सुरुवातीले जा."

शेठ मागे गेले. सुरुवातीच्या एका पानावर तीच बाई होती. कपाळ स्वच्छ. थोडं पुढे केसाएवढी बारीक रेघ. पुढे जाडी. शेवटाकडे तर रेघेत बोटाचं नख मावेल. शेठच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या. "हे लाकडावर कोरलेलं चित्र आहे," ते म्हणाले. "ठसा. कोरायला दिवस लागत, म्हणून बाई आली की तोच ठसा लावायचे. छापता छापता लाकूड तडकलं असेल. तड गेली तिथं शाई लागत नाही, कागद पांढरा राहतो."

"मले समजलं, पन ह्याइले दाखवा लागन," म्हणत गोजराबाईनं पाराखालच्या भाजीच्या ढिगातलं एक जाड रताळं उचललं. तिथल्याच विळ्यानं दोन फाका केल्या, एकीवर नाक, डोळे, घागर कोरली. तुळसाबाईनं बाजारातून घेतलेल्या पुडीतलं कुंकू पाण्यात कालवून फासलं आणि पाराच्या पांढऱ्या भिंतीवर दाबलं. एक बाई उमटली. दुसरी उमटली. मग तिनं रताळ्याच्या कपाळावर विळ्याची चीर दिली आणि भिंतीवर ठसे मारत सुटली. प्रत्येकीच्या कपाळावर खोक.

"आता सांगा, महाराज. हे माही सून, का शेठची भावजय, का हिची होनारी सून? का रताळं?"

पोथी आपोआप का उघडते, हेही शेठनं दाखवलं. त्याच त्याच पानांवर दाबून दाबून तिचा कणा मोडला होता. महाराज उठू लागले, तर त्यांच्या झोळीवर पानाबाईच पाय देऊन उभी होती. झोळीतून बांगड्या निघाल्या, पाटल्या निघाल्या, सीताबाईच्या गळ्यातली गाठली निघाली. कोणी म्हणालं, पोथी जाळा.

"पोथीनं कोनाचं काय केलं?" गोजराबाई म्हणाली. "शेठच्या दुकानात उघडी ठेवा. ज्याले पाह्यचं त्यानं सारी पाहावी."

ती घरी आली तेव्हा बैल सुटलेले होते, पण सीताबाई बंडीतच बसलेली होती. बातमी आधीच पोचली होती. चंपत खाली मान घालून म्हणाला, "उतर, सीते. चुकलं माह्यं."

"नाई उतरत," सीताबाई म्हणाली. "तुमी कागदावरची खोक पाह्यली. माही खोक रोजची होती. ते कशी पडली, हे तुमी कधी मले विचारलं काय?"

चंपत बंडीचं जू चाचपत राहिला.

"आता बैल जुपा. केनवडले चला. माह्या बापापुढं, चार लोकात सांगा, मले काहून काढून देत होते ते. मंग मी त्याच बंडीत वापस येतो."

चंपतनं मायकडे पाहिलं. त्याला वाटलं, माय सुनेला चार शब्द सुनावेल.

"माह्याकडं काय पाह्यतं?" गोजराबाई म्हणाली. "जुप." आणि गाठली सुनेच्या हातात देऊन स्वतःही बंडीत चढली.

केनवडला पोचले तेव्हा चावडीपुढे माणसं बसली होती. महाराज पुढच्या बाजाराला इथंच येणार होते आणि गावानं मांडवाची तयारी चालवली होती. चंपत उभा राहिला. जीभ अडखळत, घाम पुसत, पण सासऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन त्यानं सगळं सांगितलं. सीताबाई ऐकत होती. त्यानं मध्ये एक वाक्य गिळलं, तेही तिनं त्याला परत बोलायला लावलं.

एक म्हातारा म्हणाला, "पन गोजराबाई, एखादी पोथी खरी बी असन. सारेच काही लबाड नसतात."

"असन ना," गोजराबाई म्हणाली. "खरी असन त तिले उजेडाचं भेव नसन. कोनी म्हन्लं, एकट्यानं पाहा, त पाहू नोका. शेजारनीले बोलवा, दोघी मिळून पाहा. खालचं वाचा, मांगचं पान उलटवा, पुढचं बी उलटवा. विहीर आटली त आंधी विहिरीत उतरून पाहा, घरातल्या बाईच्या कपायाकडं मंग पाह्यजा. देवानं डोये दोन देले, ते झाकाले मोरपीस नाई देलं."

मांडवाचे बांबू पुरणारे दोघे उठले आणि पुरलेले बांबू उपटायला लागले.