ओळींमधली घरघर

हेमचंद्रनं मनकर्णाबाईंचं जात्यावरचं गाणं सोयगावला जाऊन रेकॉर्ड केलं होतं. आता त्याचा ॲनिमेशनचा व्हिडिओ व्हायचा होता. उस्मानपुऱ्यातल्या स्टुडिओत त्यानं ओळीला एक याप्रमाणे चित्रं काढून भिंतीवर डकवली. दोन ओळींमधली जात्याची नुसती घरघर कंटाळवाणी, म्हणून उडवून टाकली.

चित्रं बघायला बाई मुद्दाम आल्या.

"मी एकलीच दळायले व्हय?"

"गात तुम्ही एकट्याच होता ना, मावशी?"

"समोर माझी जाऊ बसायची, वच्छला. एक ओळ माझी, एक तिची. ती वारली त्याला नऊ वर्सं झाली."

बाई गेल्यावर त्यानं मूळ रेकॉर्डिंग लावलं. दर ओळीनंतरची घरघर बरोबर एका ओळीएवढी होती.