देवापुढे ठेवलेला रिपोर्ट

“एकवीस दिवस तुझ्यापुढे दिवा लावीन, एक वेळ जेवीन, तोवर हे पाकीट उघडणार नाही. पण आत चांगलंच निघू दे रे देवा!” असा नवस वहिनी बोलली, तेव्हा मी तिच्या हातातच होतो. मी एक तपासणीचा रिपोर्ट बोलतोय. चांगलं की वाईट, ते माझ्यावर केव्हाच छापून झालं होतं. पण मला विचारतो कोण!

माझा जन्म प्रयोगशाळेतला. या घरच्या नणंदेच्या अंडाशयात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधाचे सहा फेरेही झाले. काढलेल्या गाठीचा चिमूटभर तुकडा घेऊन तिथल्या बाईंनी त्यातली गुणसूत्रं तपासली. गुणसूत्रं म्हणजे प्रत्येक पेशीच्या पोटातले बारीक धागे; शरीर कसं चालवायचं ते त्यांच्यावर लिहिलेलं असतं. धागे कुठे तुटलेत, कुठे दुप्पट झालेत, कुठे गायबच आहेत, ते सगळं बाईंनी माझ्यावर उतरवलं. आजार परतू नये म्हणून नणंदेला कुठल्या गोळ्या द्यायच्या, ते मला वाचून ठरणार होतं.

आणि मी बसलो देवापाशी! सकाळी फूल, संध्याकाळी दिवा. एवढा मान माझ्या जातीच्या कागदाला कधी मिळाला नसेल. वाचण्याचं तेवढं राहून गेलं.

नणंद शिवणकाम करायची. डोक्याला रुमाल बांधून मशीनवर बसायची आणि टोमणे मारायची, “वहिनी, आजार माझा आणि उपास तुमचा! वाटणी बरी केलीत.” पण तीही माझ्याकडे बघायचं टाळायची. धीट माणसंही पाकिटाला भितात, हे मी तिथे शिकलो.

सतराव्या दिवशी दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला.

“रिपोर्ट आला का हो?”

“आलाय. देवापाशी ठेवलाय.”

“देवाचं वाचून झालं असेल तर डॉक्टरांकडे आणा. शुक्रवारपर्यंत गोळ्या सुरू व्हायला हव्यात. उशीर झाला तर उपयोग होईल का, सांगता येत नाही.”

मशीन थांबलं. “वहिनी, काढा तो खाली.”

“अगं, चारच दिवस राहिलेत. नवस मोडला तर?”

“नवस मोडला तर देव तुमच्यावर रागावेल. मी मोडले तर तुम्ही कुणावर रागावणार?”

वहिनीने डोळे पुसले, केसातली पिन काढली आणि मला उघडलं. ‘तुटलेली’, ‘गहाळ’ एवढंच वाचून तिने मला नणंदेपुढे धरलं. “चांगलं असतं तर एवढं लांबलचक कशाला लिहिलं असतं गं?”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “मोडतोड भरपूर आहे. छान!”

“छान काय, डॉक्टर? माणूस आहे ती!”

“अहो, या गाठीच्या पेशी शरीरात कुठे उरल्या असल्या, तरी त्यांना स्वतःची डागडुजी जमत नाही. ही गोळी नेमका तिथेच घाव घालते. हमी देत नाही, पण आशा चांगली आहे. मात्र हा रिपोर्ट इतके दिवस होता कुठे?”

“घरातच होता,” वहिनी पुटपुटली. नणंद खिडकीबाहेर बघून हसू दाबत होती.

गोळ्या शुक्रवारी सुरू झाल्या. मी आता दवाखान्याच्या फायलीत आहे, कोपऱ्याला तेलाचा डाग घेऊन. इथे मला कुणी फूल वाहत नाही, पण दर खेपेला कुणीतरी वाचतं. यात मी फार सुखी आहे. वहिनीने उरलेले चार दिवसही दिवा लावलाच, आणि नवा नवस बोलली: असा कागद आला की आला त्या दिवशी वाचायचा, ज्याला कळतं त्याच्यापुढे ठेवायचा, मग खुशाल हात जोडायचे.

तुमच्याही घरात उशीखाली, कपाटात, देवामागे माझा एखादा भाऊबंद मिटून पडला असेल. तुम्हीही हाच नवस बोला, आणि आजच्या आज फेडा.