पाव फेरा

कृष्णकांतांनी नळाच्या आट्यांवरची जुनी टेप नखाने खरवडून काढली आणि आटे धोतराच्या चिंधीने पुसले. पन्नास लिटरचं स्टीलचं पातेलं बाल्कनीत आडवं पडलं होतं. त्यांचा मुलगा केयूर यातच घरच्या घरी बिअर करायचा. पातेल्याचा नळ महिनाभर गळत होता. परवाना नसलेला उद्योग, बाहेरच्या प्लंबरला दाखवायची सोय नव्हती. मग त्याला बापाची आठवण झाली.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं कृष्णकांतांनी पाइप जोडले. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं, बायको आधीच गेलेली. ते नागपुरात, बेसा भागातल्या केयूरच्या या सातव्या मजल्यावरच्या घरी आले. इथे त्यांना कोणी काही मागत नव्हतं. त्यामुळे केयूरने पाना हातात दिला तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. बरं वाटलं म्हणून लाजही वाटली होती.

मागची बिअर संपली त्या रविवारी, मित्र गेल्यावर, केयूरने बायकोला, अस्मिताला, ढकललं. तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. कृष्णकांत बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता.

त्यांनी नवी टेप आट्यांवर गुंडाळली आणि नळ पिळला. तो घट्ट बसला, पण तोंड राहिलं तिरपं. उपाय त्यांना झोपेतही सुचला असता. नळ काढायचा, टेपचे दोन वेढे वाढवायचे. मग घट्ट होता होताच तोंड बरोबर खाली येतं. नुसता मागे फिरवून सरळ करायचा नाही. तसा नळ दिसतो सरळ, पण तापला की गळतो. कामावर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ते हे पहिल्याच दिवशी सांगत.

अस्मिता कपडे वाळत घालायला आली. कपाळावरचा डाग आता पिवळट झाला होता.

"झालं का, बाबा?"

"होऊन राहिलं."

तिने एक शर्ट झटकून दोरीवर टाकला. केयूर बार्ली आणायला गेला आहे, उद्याच नवी बिअर चढवतो म्हणाला, एवढं तिने सांगितलं. पुढे काही मागितलं नाही.

कृष्णकांत पान्याकडे बघत म्हणाले, "तू काही दिवस माहेरी काहून नाही जात वं?"

"गेली होती न, बाबा. आईनंच परत आणून सोडलं."

बादली उचलून ती आत गेली.  कृष्णकांतांनी पाना नळाला लावला आणि पाव फेरा मागे घेतला. तोंड अगदी सरळ खाली आलं.

दुसऱ्या दिवशी उकळी फुटायच्या आतच नळातून धार लागली. गोड, चिकट पाणी बाल्कनीभर पसरलं. चौतीस वर्षं तिथे केलं तरी काय, असं केयूर ओरडून विचारत होता.

"हात कापतात आता," कृष्णकांत म्हणाले.

 कितीतरी दिवसांनी केयूरने बापाकडे नीट पाहिलं. मग त्याने स्वतःच फरशी पुसली आणि पातेलं माळ्यावर टाकलं. रविवारी मित्र आले नाहीत.

बुधवारी तो त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. गाडीत त्याने त्यांचा पट्टा स्वतः लावला, लहानपणी बाबा आपल्याला कसे वीज केंद्राची धुराची चिमणी दाखवायला न्यायचे ते सांगितलं. कृष्णकांत खिडकीबाहेर बघत राहिले. डॉक्टरांनी हात पुढे धरायला सांगितले. त्यांनी धरले, आणि कापवले. गोळ्या लिहून मिळाल्या. वय झालं की होतं असं, डॉक्टर म्हणाले. कमी होईलच असं नाही.

घरी आल्यावर अस्मिताने चहा आणला. केयूर समोरच बसला होता. आणखी कुणाला तरी दाखवू, तो म्हणत होता. कृष्णकांतांनी कपात पाहिलं. चहा अर्धाच होता.

"सांडन, बाबा," त्यांच्याकडे न बघता ती म्हणाली. "दोन्ही हातांनी धरा."

त्यांनी दोन्ही हातांनी धरला, आणि थोडा बशीत सांडू दिला.