किल्ली काढल्यावरही चालणारी गाडी

किल्ली सौरवच्या मुठीत होती आणि गाडी सुरूच होती.

नुसती सुरू नव्हती, किंचाळत होती. वडगावच्या त्या गल्लीत एरवी यंत्रमागांच्या खडखडाटात माणसाचं माणसाला ऐकू येत नाही. त्या शनिवारी दुपारी सगळे माग बंद करून गल्ली अंगणात लोटली होती, तरीही कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. बॉनेट उघडं होतं, आत इंजिन थरथरत होतं आणि मागून निळसर पांढरा धूर असा येत होता की समोरची तुळस दिसेना.

"किल्ली हातात हाय बगा पोराच्या!" शेजारची जयाबाई नाकाला पदर लावून ओरडली. "मष्णूअण्णाच बसल्यात आत!"

मष्णूअण्णा म्हणजे सौरवचे वडील. उन्हाळ्यात मागावर बसल्या जागी छातीत कळ येऊन गेले. ही जुनी डिझेल गाडी त्यांचा जीव की प्राण. तिच्यात साड्यांचे गठ्ठे घालून ते संकेश्वरला जायचे. ते गेले आणि गाडी अंगणात उभी राहिली. दिवाळीत सौरवनं ती चालू केली आणि बंद करायला गेला तर बंद होईना. किल्ली काढली तसा आवाज उलट चढतच गेला. शेवटी त्यानं गिअर टाकून ती भिंतीला ठोकली, तेव्हा कुठं ती गप्प झाली. दुसऱ्याच दिवशी त्याच्या आईनं, मालुबाईनं, भरमू बुवाला बोलावणं धाडलं.

बुवा आला, बॉनेट उघडून वास घेतला आणि हसला. "म्हाताऱ्याचा आत्मा अडकलाय. एकदम न्हाय निघायचा. दर शनिवारी थोडा थोडा काढू." तेव्हापासून दर शनिवारी तोच खेळ. आधी पूजा, मग गाडी चालू, मग ती किंकाळी. मग बुवा एक रबरी नळी उपसून काढायचा, 'होगु! होगु!', म्हणजे 'जा! जा!', असं कन्नडमधून दरडावायचा आणि भंडारा लावलेलं ओलं घोंगडं इंजिनावर टाकायचा. गाडी आचके देत बंद पडायची आणि गल्ली हात जोडायची. मष्णूअण्णांना हयातीत बाजारापुरतंच कन्नड यायचं. मेल्यावर मात्र त्यांना मंत्र समजू लागले होते.

आणि हे सगळं त्यांच्या सुनेनं, सौरवच्या बायकोनं, रचनानं, उंबऱ्यातून पाहिलं होतं. ती कोगनोळीची, बी.एस्सी. झालेली. पण तिला भीती वाटत नव्हती असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. किल्ली काढलेलं यंत्र भर दुपारी किंचाळायला लागलं की तिची पदवी तिच्या पाठीतून थंडगार घाम होऊन खाली उतरायची. त्या भीतीतच तिनं मागच्या शनिवारी एक प्रश्न विचारला होता.

"बुवा, मंत्राच्या आधी ती नळी कशाला काढता?"

बुवाचे डोळे बारीक झाले. "आत्म्याला वाट नको व्हय?" मग तो मालुबाईकडे वळला. "आक्का, आज मला खरं कारण दिसलं. हिच्या पायगुणानं म्हातारा गेला. ही घरात हाय तंवर गाडी गप बसायची न्हाय. पुढच्या शनिवारी हिला माहेरी धाडा. लेकरू हितंच ठेवा, लेकरू घराचं हाय."

म्हणूनच आज उंबऱ्यापाशी रचनाची बॅग भरून ठेवली होती. त्यांची एक वर्षाची लेक सौम्या आजीच्या कडेवर होती आणि आवाजानं भेदरून रडत होती. सौरव मान खाली घालून उभा होता.

बुवा आज घोंगडं टाकत नव्हता. नळी काढून झाली होती, घोंगडं खांद्यावर होतं, आणि तो हात वर करून थांबला होता. "आधी बोला, आक्का! चारचौघांत बोला! सून आज जाणार का न्हाय? न्हायतर आज ह्यो इंजिन फोडून भाईर येतोय!"

इंजिन फुटू शकतं, एवढं मात्र तो खरं बोलत होता. रचनालाही ते ठाऊक होतं. आठवडाभर तिनं एकाच गोष्टीचा विचार केला होता. जळायला दोन गोष्टी लागतात, इंधन आणि हवा. किल्ली काढली की डिझेल थांबतं. मग आत जळतंय काय? ते तिला अजून नक्की कळलं नव्हतं. पण घोंगडं कुठं चिकटतं ते तिनं पाहिलं होतं. नळी काढून उघड्या पडलेल्या तोंडावर ते आत ओढलं जायचं. इंजिन तिथून श्वास घेत होतं. पेल्याखाली झाकलेली मेणबत्ती विझते, हे सातवीतलं पोरही सांगेल.

पण आपलं चुकलं तर?

"जाईल!" मालुबाई रडत ओरडली. "जाईल ती! थांबवा बाबा!"

रचना स्वयंपाकघरात धावली आणि पोळपाट घेऊन बाहेर आली.

"रचना, मागं हो!" सौरव किंचाळला. बुवा आडवा आला, तिनं त्याला खांद्यानं ढकललं. धुरानं डोळे चुरचुरत होते. पोळपाट कडेनं घट्ट धरून तिनं तो त्या उघड्या तोंडावर दाबला. कुणीतरी आतून खेचावा तसा तो चिकटला. इंजिन खोकलं, गाडी एकदा गदागदा हलली.

आणि गप्प झाली.

अंगणात फक्त सौम्याचं रडणं उरलं.

"बगितलंसा?" बुवा सगळ्यात आधी सावरला. "माझ्या मंत्राचा जोर!"

"असू दे," रचना म्हणाली. "परत चालू करू या. या वेळी नळीला हात लावायचा नाही, घोंगडं टाकायचं नाही. नुसता मंत्र म्हणून थांबवा. थांबली तर मी स्वतः बॅग उचलते."

बुवानं गाडीकडे पाहिलं, मग फाटकाकडे. "मला संकेश्वरची बस हाय."

"बस अर्ध्या तासाला हाय की वो!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. "ह्यो आदी ट्रकवर ड्रायवर हुता म्हणं!" बुवा गेला. घोंगडं तिथंच राहिलं.

इंजिन निवल्यावर रचनानं सौरवला पाना आणायला लावला. पोळपाट सोडवला तर त्याला तेल माखलं होतं. म्हणून आधी तिनं डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, उपसली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर चढलं होतं. सौरवनं गाडीखाली शिरून चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलपेटीचा, बोल्ट सैल केला. काळं तेल पडू लागलं; बादली भरली, तरी धार थांबेना.

"एवढं तेल कुणी ओतलं?" सौरवनं विचारलं.

मालुबाई पायरीवर बसली. "मी."

विणकराच्या घरातली रीत होती ती. शनिवारी माग पुसायचा, त्याला तेल द्यायचं. मागाला तेल जास्त झालं तरी बिघडत नाही, ते खाली ठिबकून जातं. मष्णूअण्णा गेल्यावर मालुबाई मागाला तेल द्यायची तशी गाडीलाही वाटीभर ओतायची, नवऱ्याचं हत्यार उपाशी राहू नये म्हणून. बुवानं पहिल्याच दिवशी वासावरून ते ओळखलं आणि सांगितलं, "वाटी न्हाय, आक्का, तांब्याभर."

"इंजिनातलं तेल ठिबकत नाही, आत्ती," रचना सासूला हळूच म्हणाली. "जागा संपली की ते हवेच्या वाटेत चढतं. इंजिन डिझेलऐवजी तेच जाळत सुटतं. मग किल्लीचं कोण ऐकतंय?" तिनं नळी उलटी केली, चिकट तेल ओघळलं.

"म्हंजे भूत मीच घातलं त्यात," मालुबाई म्हणाली. "आणि आमी तुला घालवायला निघालतो."

रचनानं मागाखालचं वेस्ट, म्हणजे टाकाऊ सूत, आणलं आणि दोघींनी नळ्या पुसल्या, डिझेलनं धुतल्या. चेंबरमध्ये खुणेपर्यंतच नवं तेल भरलं. सौरवनं गाडी चालू केली तेव्हा गल्ली दहा पावलं मागं सरली. त्यानं किल्ली फिरवली.

गाडी बंद झाली. साधी, शहाण्यासारखी.

भीती वाटणं हा काही गुन्हा नाही. रचनालाही वाटली होती. पण भीती वाटली की हात जोडण्याआधी एवढं तरी विचारावं, की हे कशानं चालतंय आणि कशानं थांबतंय? ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नये.

पुढच्या शनिवारी मालुबाईनं मागाला तेल दिलं आणि सवयीनं वाटी घेऊन ती गाडीपाशी आली. थबकली. पट्टी उपसली, पुसली, पुन्हा घालून उजेडात धरली.

"रचना, ह्या खुणंपातूर हाय गं. पुरं का?"

"पुरं, आत्ती."

तिनं वाटी तशीच घरात परत नेली.