सही होईपर्यंत जिवंत

परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण केंद्रात आधी तोंड बंद ठेवायला शिकवतात, मग तोंड उघडून काहीच न बोलायला. पोरं समोरासमोर बसायची. एकाने आईबहिणीवरून शिव्या घालायच्या, दुसऱ्याने पापणी न हलवता म्हणायचं, "आपल्या भावना पोहोचल्या." धाकटा यात पहिला आला. ताईने गल्लीभर मिरवलं, माझा भाऊ आता दोन देशांची भांडणं सोडवणार!

तिचा नवरा शेजारच्या देशात कोठडीत सडत होता. वेल्डर होता बिचारा. आपण जोडलेला खांब बायकोला दाखवायला फोटो काढला, मागे लष्कराचा डेपो निघाला. झाला हेर.

एके सकाळी धाकट्याच्याच टेबलावर निरोप आला: वेल्डर कोठडीत वारला. तो तसाच साहेबांकडे धावला.

"आज त्या देशाशी करारावर सही आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"हो, संध्याकाळी."

"मग संध्याकाळपर्यंत तो जिवंत आहे."

"साहेब, माझे दाजी आहेत ते."

"अरेरे," साहेब म्हणाले, आणि चहात बिस्कीट बुडवलं. "म्हणजे घरच्यांना सांभाळायला आपलाच माणूस आहे. बरं झालं."

असल्या माणसाच्या कानाखाली वाजवायला हवी होती. धाकटा "होय साहेब" म्हणाला.

दुपारी ताई तणतणत ऑफिसात आली. "खुर्ची मिळाली की बहीण परकी होते, नाही का रे? फोन उचलत नाहीस! यांचं काय झालं, सरळ सांग."

"ताई, आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत."

"परिस्थिती घाल चुलीत! मला नवरा हवाय. मारलं का रे त्यांना?"

शब्द दातांपर्यंत आला आणि तिथेच अडला. "वरच्या पातळीवर बोलणी चालू आहेत," धाकटा म्हणाला.

ताईने त्याचे कान निरखले. लहानपणी खोटं बोलला की ते लालबुंद व्हायचे. आज रंग बदलला नव्हता. ती मटकन खुर्चीत बसली, पदराने डोळे पुसले.

"जिवात जीव आला बघ. उगाच तोंड टाकलं तुझ्यावर. तिकडे थंडी असेल, स्वेटर पाठवू का?"

"पाठव," तो म्हणाला.

संध्याकाळी सही झाली, टाळ्या झाल्या, हार पडले. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, "आता कळवायला हरकत नाही."

ताईच्या दारात सासूबाई हसत पुढे आल्या. ताई दिव्याखाली स्वेटरची उसवलेली बाही शिवत होती. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. "ताई, दाजी गेले. सकाळीच कळलं होतं मला."

सासूबाई भिंतीला टेकल्या. ताईने मात्र नुसतं वर पाहिलं.

"काहीतरीच बोलू नकोस. नवरा मेल्याचं सांगायला आलेल्या भावाचं तोंड असं असतं होय?"

"ताई, खरंच गं."

"मग रड की," ती म्हणाली. "खरं असेल तर रड ना माझ्यासमोर."

धाकटा जीव तोडून प्रयत्न करत होता.