खाडीची वीस मिनिटं

हर्षाली म्हटलं की मला तिचा अंगठा आठवतो. मार्गशीर्षातलं कोवळं, तिरपं ऊन धरमतरच्या खाडीवर सांडलेलं, ओल्या चिखलाचा खारट गंध वाऱ्यावर आलेला, आणि नववीतली ही सडपातळ मुलगी बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवत, स्वतःशीच पुटपुटत, पाण्याची वेळ मोजते आहे.

मी पेणच्या शाळेत भूगोल शिकवायचो. भरतीची वेळ कशी काढाल, या प्रश्नाचं उत्तर तिनं दोनच शब्दांत लिहिलं होतं: तिथीची पाऊणपट. पुस्तकात तसं नव्हतं, म्हणून मी लाल फुली मारून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी ती वर्गाच्या दारात उभी. "सर, आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. चला, दाखवते."

मास्तरकीचा तोरा गुंडाळून मी निघालो. पावणेचार वाजले, पण धक्क्याला लागलेल्या बार्जभोवतीचं पाणी चढतच राहिलं. चारवर पाच मिनिटं झाली तेव्हा कुठे ते थबकलं. वीस मिनिटांचा फरक किरकोळ मानून मी खुशीनं फुली खोडणार होतो, तिचं मात्र समाधान नव्हतं. "हिशेब समुद्राच्या तोंडाचा हाय, सर. आपन खाडीच्या पोटात. पन मग वीसच मिनटं का? पंधरा का नाय?" पुस्तकात तेही नव्हतं. लाज वाटली, आणि इतका आनंद झाला की आजही लपवता येत नाही.

त्या प्रश्नानंच तिला पुढे नेलं. भौतिकशास्त्राची पदवी झाली आणि दक्षिणेकडच्या एका विद्यापीठात समुद्रविज्ञानाला प्रवेश मिळाला. इथे घोडं अडलं. तिचे वडील काशिनाथ खाडीकाठी भातशेती करणारे. पोरीला जवळच्या कंपनीत शिफ्टची नोकरी लागत होती. वसतिगृहाच्या अर्जावर त्यांची सही हवी होती, म्हणून तिनं मलाही घरी बोलावलं. मी बंदरांतला गाळ मोजणारे, मासळीचा ठाव सांगणारे, वादळाची चाहूल आधी ओळखणारे असे सगळे समुद्रविज्ञानी त्यांच्यापुढे उभे केले. ते ऐकत होते; शेवटी पोरीकडे वळले.

"वीस मिनटांसाठी येवढं लांब जायाचं व्हय गो?"

हर्षालीनं मान वर केली. "बाबा, बांधाला खांड गेली तवा किती मिनटं झाली होती?"

खांड गेली त्या वर्षीच्या उधाणात गावाची माणसं मातीच्या पाट्या घेऊन खाडीचं पाणी अडवणारा बांध राखत बसली होती. हिशेबाची वेळ टळली, पाणी फिरलं म्हणून काशिनाथांनी सगळ्यांना उठवलं. पाणी फिरलं नव्हतं. त्या वरच्या मिनिटांतच बांध फुटला आणि पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. काशिनाथांनी पेन मागितलं.

आज ती किनाऱ्यावरच्या पाण्याचे अंदाज बांधणाऱ्या कचेरीत आहे; कधी महिनामहिना संशोधनाच्या जहाजावर असते. खाडीची रुंदी, तिचा उथळ तळ, पश्चिमेचा वारा या सगळ्यांतून ती आता मिनिटांचं गणित मांडते, आणि उधाणाच्या दिवशी गावच्या फोनवर तिचा निरोप येतो. निवृत्तीनंतर मीही कधीकधी बांधावर जाऊन बसतो. परवाच्या उधाणात पाणी थबकल्यासारखं दिसलं. माणसं कपडे झटकत उठू लागली, तेव्हा काशिनाथ जागचे हललेही नाहीत.

"बसा रं. पोरगी अजून उठा म्हनली नाय."

सगळे मुकाट्यानं पुन्हा बसले. आयुष्यभर मी वर्गात हजेरी मांडली; पण इतक्या लांब गेलेल्या माणसाची एवढी भरघोस हजेरी मला कुठल्याही वहीत कधी मांडता आली नव्हती.