शेजारच्या चाकावरचा खडा

"मेयर, खडा उचल, तापलाय!" हार्तोख ओरडला, आणि मग त्याला दिसलं की शेजारच्या चाकापाशी कुणी नाहीच. मेयरची बायको क्लारा खाली दारात रडत आली होती. तिच्या भावाला पोलिसांनी भररस्त्यातून उचललं होतं. मेयर खडा हिरे घासायच्या फिरत्या चाकावर तसाच टाकून जिन्याकडे धावला होता.

शेजाऱ्याचा हिरा तापला तर तो उचलून बाजूला ठेवायचा, ही अ‍ॅमस्टरडॅमच्या कारागिरांची जुनी रीत. सात जन्मांचं वैर असलं तरी उचलायचा. हिरा ज्या शिशात बसवलेला असतो ते तापून मऊ पडतं, खडा कलंडतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. उचलल्याबद्दल कुणी आभार मानत नसे, पण न उचलणाऱ्याशी पुन्हा कुणी बोलत नसे.

आज मात्र हार्तोखचा हात थबकला. बेचाळीसचा उन्हाळा होता. हार्तोख-मेयरसारख्या ज्यूंना घराघरांतून पूर्वेकडे 'कामाला' नेत होते. जर्मनांना हिरे हवे होते, म्हणून निवडक कारागिरांच्या ओळखपत्रावर शिक्का बसणार होता. शिक्का असेल तो तूर्त घरी राहील, त्याची बायकोही राहील. दोन जर्मन साहेब भिंग घेऊन चाकामागून चाक तपासत येत होते. खिडकीकडच्या रांगेतून एकच माणूस घेणार, हे कारखान्याच्या मालकाने सकाळीच सांगून टाकलं होतं. या रांगेत नाव घेण्याजोगे दोघेच होते, मेयर आणि हार्तोख.

'पडू दे शिसं,' हार्तोखच्या मनात आलं. 'मी पाहिलंच नाही म्हणेन.'

मेयरवर तो आजकालचा जळत नव्हता. दोघे एकाच उस्तादाकडे शिकले. पाण्यासारखे नितळ खडे मेयरच्या वाट्याला, आणि गाठी असलेले, खोडसाळ तुकडे हार्तोखच्या. कारागिरांच्या गायनमंडळात पुढे उभा राहून गाणार मेयर, मागे 'आ' करणार हार्तोख. लोणच्याच्या गाडीवरची मोठी काकडीसुद्धा मेली त्यालाच मिळायची. हार्तोखची बायको बेट्जे म्हणायची, "त्याला पडसं झालं ना, तर तेही तुला हवंसं वाटेल!"

चाकाचा आवाज चिरका झाला. हार्तोखने दात-ओठ खात मेयरचा खडा धरलेली पकड उचलली. रीत पाळली, आता खडा खाली ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचं. त्याच्या स्वतःच्या खड्याचा एकच पैलू राहिला होता.

पण त्याने भिंगातून नुसतं पाहिलं, आणि तिथेच फसला. काय खडा होता तो! आणि मेयर, गाढव, पैलू डावीकडे घसरवत होता.

'असला खडा जन्मात एकदा तरी माझ्या हाताखाली यावा की नाही?' त्याने खडा निववला, चाकाला तेल लावलं, पकड जराशी वळवली आणि खडा टेकवला. खड्याने कुरकुर केली नाही. आपल्या नशिबी असलं मऊसूत काम कधीच आलं नाही, या विचाराने तो धुमसला. हात मात्र थांबेना. साहेब दोन चाकांवर येऊन ठेपले तेव्हा तो भानावर आला. पैलू पुरा झाला होता.

मेयर पांढराफटक चेहरा घेऊन परतला.

"तापला होता. उचलला," हार्तोख म्हणाला आणि पकड त्याच्याकडे सरकवली.

साहेबाने मेयरचा खडा पाहिला, पुन्हा पाहिला, दुसऱ्या साहेबाला जवळ बोलावलं. "हा पैलू बघा. याला म्हणतात हात!" मेयरने पैलूकडे पाहिलं, मग जिन्याकडे. हार्तोखच्या खड्याचा राहिलेला पैलू पाहून साहेबाने नुसती नकारार्थी मान हलवली. शिक्का मेयरला मिळाला.

हार्तोखच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या कामाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी चांगलं म्हटलं, आणि तेही मेयरला म्हटलं!

महिना झाला नाही तोच पाठीवर पिशव्या अडकवून हार्तोख आणि बेट्जे घराचा जिना उतरत होते. त्यांना न्यायला आलेला शिपाई खाली उभा होता. मेयर धापा टाकत आला.

"तो पैलू माझा नाही, हार्तोख."

"आत्ता कळलं?"

"तेव्हाच कळलं. माझा हात डावीकडे जातो."

"जातोच! वीस वर्षं बघतोय."

"बोलायला हवं होतं मी. तोंड उघडलं नाही. क्लारा खाली उभी होती रे..."

"उघडलं असतंस तर दोघेही गेलो असतो. चल, हो बाजूला."

मेयरने त्याची बाही धरली. "तुझा हात माझ्याहून चांगला आहे. पहिल्यापासून. मला माहीत होतं, आणि मी जळायचो."

"तू?" हार्तोख जागीच उभा राहिला. "माझ्यावर?"

"चला!" शिपाई खेकसला.

मेयरचा शिक्का वर्षभर पुरला; पुढच्या उन्हाळ्यात त्याला आणि क्लारालाही नेलं. हार्तोख आणि बेट्जे यांना ऑशविट्झला गाडीतून उतरवलं त्याच दिवशी मारलं.

घरून निघाल्यावर अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेशनकडे जाणाऱ्या ट्राममध्ये मात्र हार्तोख ताठ बसला होता. "लबाड मेला! वीस वर्षं मनात ठेवलंन," तो पुटपुटला.

मेयर बोलत होता तेव्हा बेट्जे शेजारीच उभी होती, तिने शब्द न् शब्द ऐकला होता. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि त्याच्याकडे सरकून बसली.

"काय म्हणाला रे तो? मला नीट ऐकू नाही आलं. सांग ना."